नांवाचा धनी आणि फौजदारी न्यायालय

पानिपतच्या रणांगणावर १४ जानेवारी १७६१ रोजीं सदाशिवराव भाऊ पडले. पण त्यांचें नांव मात्र पडलें नाहीं. पुढें कांहीं वर्षांनीं सुखनिधान नांवाचा एक कनोजा ब्राह्मण आपणच भाऊसाहेब असें सांगूं लागला. त्याला धरून बंदींत ठेविलें. १७७६ सालीं रत्नागिरीच्या किल्लेदाराच्या आश्रयानें तो बाहेर पडला, कोकणांतील कित्येक ठाणीं त्याच्या हाताखालीं गेलीं, आणि अखेर त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पुण्यास त्याला देहान्त शासन झालें. महाराष्ट्राच्या इतिहासांत 'भाऊसाहेबांचा तोतया' म्हणून जो गाजला तो हाच. त्याच्या बंडाची हकीकत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या हकीकतींतील एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. या तोतयानें अपराध केला तो कोणाचा? राज्याचा केला हें उघड आहे. ज्या भोळ्या माणसांनीं त्याच्यावर भरंवसा ठेविला त्यांचाही केला. पण ज्या वीराचें नांव त्यानें पांघरलें त्याचा, आणि ज्या पार्वतीबाईंनीं पतीच्या मागें वैधव्य कधींच पत्करलें नाहीं त्यांचा अपराध कोणत्या सदरांत लिहावयाचा?

हा प्रश्न अडीचशें वर्षांचा जुना असला तरी आज तो घरोघर येऊन ठेपला आहे. पूर्वीं तोतया होण्यास रूपसाम्य लागे, धाडस लागे, दरबारी रीतिरिवाजांची माहिती लागे. आज आधारकार्डाची एक नक्कल, एक फोटो आणि एक मोबाइल एवढ्यावर काम भागतें. शिवाय पूर्वीं तोतये निघत ते थोरामोठ्यांचे. आतां ज्याला आपल्या गल्लीबाहेर कोणी ओळखीत नाहीं त्याच्याही नांवाचा तोतया निघूं शकतो.

श्रोत्यांनीं असें समजावें कीं, एका तालुक्याच्या गांवीं एक शिंपी आहे. दुकानाचें भाडें, दोन शिवणयंत्रें आणि लग्नसराईची धांदल एवढेंच त्याचें जग. कधीं काळीं सिमकार्ड घेतांना त्यानें आधारकार्डाची झेरॉक्स दुकानदारास दिली. दुकानदारानें त्याच कागदावर दुसरें सिमकार्ड काढून तें परक्यास विकलें. त्या सिमकार्डावरून आणि त्याच नांवानें उघडलेल्या बँकेच्या खात्यावरून दूरच्या प्रांतांतील एका वृद्ध गृहस्थास लुबाडण्यांत आलें. शिंप्याच्या खिशांतील एक पैही गेली नाहीं. तरी एके सकाळीं पोलिसांची नोटीस त्याच्या दारीं येते. आतां कायद्याच्या दृष्टीनें हा मनुष्य कोण? आरोपी, साक्षीदार, कीं पीडित? फौजदारी न्यायालयांत त्याला कांहीं हक्क आहेत कीं नाहींत, हें या एका उत्तरावर अवलंबून आहे.

जुना कायदा त्याला उत्तर देत नव्हता. १८६० सालीं तयार झालेल्या आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आलेल्या भारतीय दंडसंहितेंत तोतयेगिरीला जागा होती. 'तोतयेगिरी करून ठकवणूक' हा गुन्हा तिच्या ४१६ व्या कलमांत सांगितला होता. पण त्या कलमास जोडलेलें स्पष्टीकरण मोठें बोलकें आहे. ज्याचें सोंग घेतलें ती व्यक्ति खरी असो वा काल्पनिक असो, गुन्हा सारखाच घडतो, असें तें सांगतें. आणि खालच्या उदाहरणांत मेलेल्या माणसाचें सोंग घेणाराही आहे. म्हणजे कायद्याचें सारें लक्ष ज्याला ठकविलें त्याच्याकडे होतें. नांवाचा धनी त्या चित्रांत नव्हताच. तो जगांत जन्मला नसता तरी चालत होतें. एखाद्यानें शेजाऱ्याची काठी चोरून तिनें तिसऱ्याच माणसास बडवावें, आणि पंचांनीं माराची चौकशी करावी पण काठी कोणाची हें विचारूंही नये, त्यांतलाच हा प्रकार. मात्र त्या काळच्या कायदेपंडितांना दोष देण्याचें कारण नाहीं. सामान्य माणसाच्या नांवाची पत त्या दिवसांत गांवाच्या वेशीपर्यंतच चाले, आणि वेशीच्या आंत तर सर्वच सर्वांना तोंडानें ओळखीत.

दुसरीकडेही स्थिति फारशी निराळी नव्हती. अमेरिकेंत नांवाच्या चोरीनें बुडालेली बँक किंवा सावकार तेवढा पीडित, असाच समज पुष्कळ वर्षें होता. १९९८ च्या संघीय कायद्यानें दुसऱ्याच्या ओळखीचीं साधनें गैरकृत्यासाठीं वापरणें हाच स्वतंत्र गुन्हा ठरविला, आणि मग ज्याची ओळख चोरीस गेली तो मनुष्य न्यायालयाला पीडित म्हणून दिसूं लागला.

भारतांत हा पालट माहिती तंत्रज्ञान कायद्यानें आणला. मूळ कायदा २००० सालचा. त्यांत २००८ सालीं दुरुस्ती होऊन ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागूं झाली. तिनें घातलेलें ६६-सी हें कलम असें सांगतें कीं, दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा दुसरें कोणतेंही त्याचें एकट्याचें असें ओळखचिन्ह जो कपटानें किंवा अप्रामाणिकपणें वापरील त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड व्हावा. येथें तिसरा कोणी ठकला पाहिजे अशी अट नाहीं. चिन्ह दुसऱ्याचें आहे आणि तें कपटानें वापरलें, एवढ्यावर गुन्हा पुरा होतो. इतक्या वर्षांनीं नांवाचा धनी कायद्याच्या उंबरठ्याच्या आंत आला तो या कलमानें.

आधारकार्डाच्या कायद्याची गोष्ट याहूनही शिकण्यासारखी आहे. २०१६ च्या त्या कायद्यांत आधार काढतांना वा त्याच्या माहितीच्या बाबतींत तोतयेगिरी करणाऱ्यास शिक्षा होती; पण न्यायालयानें दखल घ्यावयाची ती फक्त प्राधिकरणानें फिर्याद केली तर! ज्याच्या बोटांचे ठसे, ज्याच्या डोळ्यांची प्रतिमा, तो दारांत उभा. आणि फिर्याद मात्र दुसऱ्यानें करावयाची. सर्वोच्च न्यायालयानें २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालांत या व्यवस्थेंतील उणीव दाखविली आणि ज्याच्या हक्कावर घाला आला त्यालाही फिर्याद करतां आली पाहिजे असें म्हटलें. त्यानंतर २०१९ च्या दुरुस्तीनें आधारधारकाच्या फिर्यादीवरून अशा कांहीं गुन्ह्यांची दखल घेण्याचा मार्ग मोकळा झाला. एका ओळीची दुरुस्ती; पण तिनें माणूस आपल्याच नांवाच्या खटल्यांत प्रेक्षक होता तो फिर्यादी झाला.

आतां मुख्य मुद्दा. 'पीडित' या शब्दाला फौजदारी प्रक्रियेंत ३१ डिसेंबर २००९ पर्यंत व्याख्याच नव्हती. त्या दिवसापासून ती आली. आणि १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें ती थोडी बदलून कायम ठेविली. आरोपीच्या कृत्यामुळें किंवा वर्ज्य कृतीमुळें ज्याला नुकसान किंवा क्षति पोंचली तो पीडित, आणि त्याचा पालक किंवा वारसही त्यांत आला. जुन्या व्याख्येंत ज्या कृत्याबद्दल 'दोषारोप ठेवण्यांत आला' असे शब्द होते; नव्या व्याख्येंत ते नाहींत. म्हणजे दोषारोप होण्याची वाट न पाहतां, तपास चालू असतांनाच मनुष्य स्वतःला पीडित म्हणवूं शकतो.

पण आमच्या शिंप्याचें नुकसान तें काय झालें? त्याची तर पैही गेली नाहीं. येथें 'क्षति' हा शब्द उपयोगी पडतो. दंडसंहितेंत, जुन्या आणि नव्या दोन्हींत, क्षति म्हणजे कोणाच्याही शरीरास, मनास, लौकिकास किंवा मालमत्तेस बेकायदेशीरपणें पोंचविलेली हानि. लौकिक हा शब्द व्याख्येंत स्पष्ट आहे. ज्याच्या नांवानें लुबाडणूक झाली, ज्याच्या दारीं पोलीस आले, ज्याच्याकडे गिऱ्हाइकें संशयानें पाहूं लागलीं, त्याचा लौकिक गेला नाहीं तर काय गेलें? पोलीस ठाण्यांत "तुमचें गेलें काय?" असा प्रश्न अशा माणसास हमखास विचारला जातो. तेव्हां त्यानें गोंधळून न जातां "माझें नांव गेलें" असें सांगावें आणि तें तसेंच लिहून घेण्याचा आग्रह धरावा. उत्तर भावनेचें वाटेल, पण तें कायद्याचें आहे.

फिर्याद नोंदविणें ही पहिली पायरी, आणि बहुतेक माणसें अडतात तीं याच पायरीवर. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यास ती नोंदवून घेणें पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं ललिताकुमारीच्या प्रकरणांत दिला. ६६-सी खालील गुन्हा दखलपात्र आहे. गुन्हा आमच्या हद्दींत घडला नाहीं, ही सबब आतां चालत नाहीं. नव्या संहितेप्रमाणें खबर कोणत्याही ठाण्यांत देतां येते आणि मग ती योग्य ठाण्याकडे जाते. इलेक्ट्रॉनिक साधनानेंही खबर पाठवितां येते, मात्र तीन दिवसांच्या आंत जाऊन तिच्यावर सही करावी लागते. नोंदलेल्या खबरीची नक्कल फिर्यादीस किंवा पीडितास फुकट मिळाली पाहिजे. एक सवलत पोलिसांनाही आहे: तीन वर्षें किंवा त्याहून अधिक पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीनें, प्रथमदर्शनी तथ्य आहे कीं नाहीं हें पाहण्यास ते चौदा दिवस घेऊं शकतात. नांवाच्या चोरीचे गुन्हे बहुधा याच मापांत बसतात. तेव्हां "चौकशी चालूं आहे" हें उत्तर चौदा दिवसांपुरतें खरें असूं शकेल, पंधराव्या दिवशीं नाहीं. खबर घेण्याचेंच नाकारलें तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकास लेखी कळवावें, आणि तेथेंही दाद लागली नाहीं तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. ज्याचे पैसेही गेले असतील त्यानें या सर्वांच्या आधीं १९३० या क्रमांकावर कळवावें, कारण पैसा एका खात्यांतून दुसऱ्यांत पळण्यापूर्वीं अडवावा लागतो आणि तेथें तासांचा हिशेब असतो.

आमचा शिंपी मात्र फिर्याद द्यावयास जाण्यापूर्वींच संशयित झाला आहे. दूरच्या प्रांतांतील ठाण्याच्या दृष्टीनें सिमकार्ड त्याचें, खातें त्याचें, म्हणून तोही त्याच टोळींतला. येथें घाबरून जाऊन नोटीस पेटींत घालून ठेवणें ही मोठी चूक होय, आणि ती वारंवार होते. अटकेची जरूर नसेल तेव्हां हजर राहण्याची नोटीस द्यावी, असें संहितेचें ३५ वें कलम सांगतें. आणि जो नोटिशीप्रमाणें हजर राहतो त्याला, कारणें लेखी नोंदविल्याशिवाय, त्या गुन्ह्यासाठीं अटक करतां येत नाहीं. म्हणजे हजर राहण्यानेंच मनुष्य सुरक्षित होतो. पोलिसांनीं तपासांत लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यावयाची नाहीं, असाही नियम आहे. पुष्कळ साधीं माणसें भीतीपोटीं कोऱ्या कागदावरही सही करून येतात म्हणून हें सांगणें अवश्य आहे. वकील करण्याची ऐपत नसेल तर तालुक्याच्या विधि सेवा समितीकडे जावें. १९८७ च्या कायद्यानें स्त्रिया, अनुसूचित जातिजमातींतील माणसें, अटकेंतील माणसें आणि ठराविक मर्यादेच्या आंत उत्पन्न असणारे यांना फुकट वकील मिळण्याचा हक्क दिला आहे.

याच वेळीं त्यानें दुसरी गोष्ट करावी. नोटिशीच्या उत्तराबरोबरच आपली लेखी तक्रार जोडावी कीं, माझ्या ओळखीचा गैरवापर झाला असून या प्रकरणांत मी आरोपी नसून पीडित आहें. आणि तिची पोंच घ्यावी. सिमकार्डाच्या अर्जावरील सही आणि फोटो, बँकेचें खातें उघडतांना दिलेले कागद, त्या त्या तारखांस आपण कोठें होतों याचा पुरावा, या सर्वांची तपासणी व्हावी अशी मागणी त्यांत असावी. पुराव्यांत तथ्य न आढळल्यास तपासी अधिकाऱ्यास अटकेंतील माणूस सोडण्याचा अधिकार आहे. दोषारोपपत्र गेलेंच तर न्यायालयाकडून दोषमुक्ति मागतां येते. आणि प्रकरण उघडच निराधार असेल तर उच्च न्यायालयाकडे तें रद्द करून मागतां येतें.

ठशांविषयीं येथें थोडें विषयांतर करावयास हरकत नाहीं, कारण ही विद्या मुळांत याच रोगावरचें औषध म्हणून या देशांत वाढली. विल्यम हर्शेल नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें १८५८ सालीं बंगालमधील जंगीपूर येथें एका करारावर कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला. हेतु एवढाच कीं, पुढें त्यानें सही नाकारूं नये. पुढें हुगळीस असतांना, १८७७ च्या सुमारास, पेन्शनरांचे ठसे घेण्याची रीत त्यानें चालूं केली. पेन्शनर वारला तरी त्याच्या नांवानें पेन्शन उचलणारे वारत नसत, हें त्याचें कारण! १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली, जगांतील पहिली. आणि ठशांच्या वर्गीकरणाच्या पद्धतींत अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वांटा होता. नांव खोटें सांगतां येतें, बोट खोटें सांगतां येत नाहीं, हें तत्त्व फौजदारी न्यायालयांत नांवाच्या धन्याच्या फार उपयोगी पडतें.

तें कसें, हें याहून बिकट अशा एका प्रकारावरून कळेल. एखादा इसम मारामारींत पकडला जातो आणि आपलें नांव न सांगतां दुसऱ्याच कोणाचें सांगतो. त्या नांवावर जामीन मिळवितो आणि परागंदा होतो. वॉरंट निघतें तें अर्थातच खऱ्या धन्यावर. असा मनुष्य ठाण्याच्या पायऱ्या झिजवीत बसला तर त्याचें काम होणार नाहीं. कारण न्यायालयानें काढलेलें वॉरंट बजावलें जाईपर्यंत किंवा तें न्यायालय रद्द करीपर्यंत जिवंत राहतें. तेव्हां त्यानें वकिलामार्फत त्याच न्यायालयापुढें जावें आणि अटकेच्या वेळीं घेतलेले ठसे व फोटो आपल्याशीं ताडून पाहण्याची मागणी करावी. खटल्यांत दुसऱ्याच्या नांवानें जबाब देणें, जामीन राहणें हा स्वतंत्र गुन्हा आहे. जुन्या संहितेंत तो २०५ व्या कलमांत होता, नव्या न्यायसंहितेंत २४२ व्यांत आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र येथें कायद्याची एक गांठ आहे. हा गुन्हा न्यायदानाच्या कामांत विघ्न आणणारा समजला जात असल्यामुळें त्याची फिर्याद संबंधित न्यायालयानें लेखी केल्याशिवाय दुसऱ्या न्यायालयास दखल घेतां येत नाहीं. नांवाच्या धन्यास थेट फिर्याद करतां येत नाहीं. त्यानें न्यायालयानें फिर्याद करावी असा अर्ज करावयाचा, आणि तो फेटाळला गेला तर त्यावर वरच्या न्यायालयाकडे अपील करावयाचें. मार्ग लांबचा आहे, पण बंद नाहीं.

आतां पुन्हा शिंप्याकडे वळावें. त्याची फिर्याद नोंदली गेली, तपास चालूं झाला. नव्वद दिवसांच्या आंत तपास कोठवर आला हें पोलिसांनीं फिर्यादीस किंवा पीडितास कळविलें पाहिजे, असें नव्या संहितेंत आहे. कळविलें नाहीं तर विचारावें, आणि तें लेखी विचारावें. आरोपी सांपडत नाहीं म्हणून पोलिसांनीं प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला आणि तो स्वीकारण्याकडे न्यायदंडाधिकाऱ्यांचा कल असला, तरी फिर्यादीस नोटीस देऊन त्याचें म्हणणें ऐकावें लागतें. हा नियम सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालींच भगवंतसिंगच्या प्रकरणांत घालून दिला आहे. दोषारोपपत्र गेलें तर त्याच्या आणि त्यासोबतच्या कागदांच्या नकला आरोपीप्रमाणें पीडितासही मिळतात, पण पीडिताचा वकील असेल तरच. हा 'तरच' फार महत्त्वाचा आहे.

त्या कागदांत शिंप्यानें प्रथम काय पाहावें? आरोप कोणत्या कलमांखालीं आहेत तें पाहावें. नव्या न्यायसंहितेंत तोतयेगिरी करून ठकवणूक हा ३१९ व्या कलमाचा गुन्हा असून त्याची शिक्षा तीन वर्षांवरून पांच वर्षांपर्यंत वाढली आहे. पण आरोप तेवढाच असेल तर एक अडचण राहते. या गुन्ह्यांत तडजोड करण्याचा अधिकार कायदा 'ठकविल्या गेलेल्या व्यक्तीस' देतो. ठकला तो दूरचा वृद्ध गृहस्थ, किंवा बँक. उद्यां आरोपीनें त्यांचे पैसे परत केले आणि त्यांनीं तडजोड केली, तर खटला तेथेंच मिटतो. आणि ज्याच्या नांवावर हा सारा खेळ झाला त्याला कोणी विचारीतही नाहीं! १८६० च्या कायद्याची जुनी नजर येथें अजून शिल्लक आहे, आणि ती बदलली पाहिजे. तोंपर्यंत उपाय हाच कीं, जेथें ओळखचिन्हाचा वापर झाला आहे तेथें ६६-सी चा आरोपही ठेविला जावा, यासाठीं धन्यानें तपासाच्या वेळींच अर्ज द्यावा आणि न्यायालयापुढेंही तो विषय काढावा.

न्यायालयांत पीडिताची जागा कोणती? जुन्या समजुतीप्रमाणें खटला सरकारचा. पीडितानें बोलाविल्यावर यावें, साक्ष द्यावी आणि निघून जावें. ही समजूत आतां मागें पडली आहे. न्यायालयाच्या परवानगीनें पीडितास आपल्या पसंतीचा वकील सरकारी वकिलाच्या साहाय्यास देतां येतो. सरकारनें खटला काढून घ्यावयाचें ठरविलें तर पीडिताचें म्हणणें ऐकल्याशिवाय न्यायालयास त्याला संमति देतां येत नाहीं. ही नवी संहिता आल्यापासूनची सुधारणा आहे. आणि २०२२ सालीं जगजितसिंगच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडितास आपलें म्हणणें मांडण्याचा हक्क आहे, त्यांत जामिनाचा टप्पाही आला. हें प्रकरण खुनाचें होतें. परंतु तत्त्व कोणत्याही पीडितास लागूं पडतें. साक्षीसाठीं दूरच्या प्रांतांत जाणें शिंप्यासारख्याला परवडत नाहीं. दृक्‌श्राव्य साधनानें साक्ष घेण्यास संहितेंत आतां वाव आहे. मागितल्यास ती सोय मिळण्याचा संभव आहे, न मागितल्यास कोणी आपण होऊन देईल असें नाहीं.

भरपाईविषयीं फार मोठी आशा धरूं नये. शिक्षा देतांना न्यायालय दंडाच्या रकमेंतून किंवा स्वतंत्रपणें पीडितास भरपाई देण्याचा हुकूम करूं शकतें, आणि राज्यांच्या पीडित भरपाई योजनाही आहेत. पण त्या योजनांचा रोख मुख्यतः शरीराच्या इजेकडे आहे, लौकिकाच्या इजेकडे नाहीं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालीं मात्र न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे पांच कोट रुपयांपर्यंतचे दावे चालतात. ही वाट फौजदारी न्यायालयाच्या बाहेरची असली तरी खटला चालूं असतांनाही ती धरतां येते. आरोपी सुटला, किंवा कमी गुन्ह्यासाठीं दोषी ठरला, किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडितास स्वतः अपील करतां येतें, आणि त्यासाठीं वेगळी परवानगी लागत नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं ठरविलें आहे. शिक्षा थोडी झाली एवढ्याच कारणासाठीं अपील करण्याचा अधिकार पीडिताला नाहीं.

सर्वांत मोठी उणीव ती वेगळीच आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत, ज्याचें नांव गुन्हेगारानें वापरलें त्याला न्यायालयाकडे जाऊन आपण वस्तुतः निर्दोष आहों असा निर्णय मागतां येतो, आणि तो निर्णय त्याला कागदावर मिळतो. भारतांत असा स्वतंत्र दाखला देण्याची तरतूद नाहीं. येथें धन्याचें निर्दोषत्व दुसऱ्याच्या निकालांत कोठें तरी एका वाक्यांत पडून राहतें. कित्येकदां तेंही नाहीं. उलट आरोपीच्या नांवापुढें 'ऊर्फ' घालून चोरलेलें नांव कागदांत चिकटवून ठेवलेलें असतें. खटला संपतो, आरोपी शिक्षा भोगून बाहेर येतो, आणि धन्याचें नांव मात्र त्या 'ऊर्फ'च्या मागें जन्मभर उभें राहतें. म्हणून खटला चालूं असतांनाच, साक्षीच्या वेळीं किंवा वकिलामार्फत, न्यायालयास अशी विनंती करावी कीं, हें नांव आरोपीचें टोपणनांव म्हणून न लिहितां दुसऱ्या खऱ्या व्यक्तीचें आहे आणि तिचा या गुन्ह्याशीं संबंध नाहीं, असें निकालपत्रांत स्पष्ट नमूद व्हावें. निकालावर सही झाल्यानंतर न्यायालयास लेखनप्रमाद आणि हिशेबाच्या चुका यांपलीकडे त्यांत फेरफार करतां येत नाहीं. तेव्हां ही विनंती निकालापूर्वींच गेली पाहिजे.

निकालाचा ज्याच्यावर परिणाम होतो अशा कोणत्याही माणसास, अर्ज करून आणि फी भरून, त्याची नक्कल मिळते. शिंप्यानें सहीशिक्क्याच्या तीन-चार नकला घ्याव्या: एक बँकेस, एक मोबाइल कंपनीस, एक दूरच्या प्रांतांतील त्या ठाण्यास, आणि प्रत्येकाकडून पोंच घेऊन ती चौथ्या नकलेस जोडून घरीं ठेवावी. आपल्या नांवावर सध्यां किती मोबाइल क्रमांक चालूं आहेत हें सरकारच्या 'संचार साथी' या सोयीवर कोणासही पाहतां येतें. नको असलेले क्रमांक तेथूनच कळवितां येतात. तेवढें झाल्यावर त्यानें दुकान उघडावें. लग्नसराई थांबत नाहीं.